गच्चीवरची सावली आणि भोगीची भाजी

परवा भोगी झाली. बाजरीच्या भाकरीला तीळ लावता लावता मी कढईकडे बघत होते आणि मनात मोजत होते, वांगी आपली, गाजर आपलं, मटार आपले, पावट्याच्या शेंगा आपल्या, मूठभर सोलाणे तेही आपले, फक्त बोरं, शेंगदाणे आणि तीळ तेवढे बाजारातून आणलेले. चार हिवाळे झाले मी गच्चीवर भाजी लावतेय, पण भोगीची जवळजवळ सगळी भाजी घरची असं या वर्षी पहिल्यांदाच झालं, म्हणून हे सगळं आठवतंय तोवर लिहून ठेवते. फोटो टाकल्यापासून तीन-चार जणींनी विचारलंय की कसं केलंस, तर त्यांनाही एकदाच सांगून होईल.

आम्ही नाशिकला राहतो, सासर निफाड तालुक्यातलं. थंडी म्हणजे काय ते निफाडकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, तिथे पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. आमच्या घरात तसं अंगण नाहीच, जे काही आहे ते गच्चीवर. आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच की सुरुवात थंडीत करा. उन्हाळ्यात स्लॅब इतका तापतो की सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, पावसाळ्यात कोवळी पालेभाजी सडते नाहीतर आडवी होते, आणि माणूस दोनदा हरला की तिसऱ्यांदा कुंडीला हात लावत नाही. हिवाळ्यात कीड कमी, पाणी कमी लागतं, आणि आपल्याकडे हिवाळ्याला स्वच्छ ऊन असतं, ढग नाहीत. खरं तर सगळा खेळ या उन्हाचाच आहे, आणि तेच मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मी दहा क्रेट आणले. आमच्याकडे द्राक्ष आणि टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट जुने झाले की स्वस्तात मिळतात, नवीन कुंड्यांपेक्षा मला तेच बरे वाटतात, खोल असतात, हवा खेळते, उचलून हलवता येतात. नळ गच्चीच्या दक्षिणेच्या कठड्याजवळ आहे म्हणून क्रेट त्या कठड्याला लागूनच ओळीने मांडले, पाणी घालायला सोपं. मेथी उगवली. उगवली आणि मग नुसती लांब होत गेली, बारीक, पांढुरकी, दोन पानांवरच उभी आणि आठ दिवसांत सगळी एका बाजूला कललेली. पालकाची पानं रुपयाएवढी झाली आणि तिथेच थांबली. मला वाटलं खत कमी पडलं, मी अजून गांडूळखत घातलं, मग वाटलं पाणी कमी पडतंय, अजून पाणी घातलं, त्याने उरलेली मेथीही पिवळी पडली.

डिसेंबरात सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो) गावाहून आमच्याकडे आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी नऊ-साडेनऊला एक एक पायरी करत त्या गच्चीवर जायच्या, शाल पांघरून उन्हात बसायला. एक दिवस मी पाणी घालत असताना त्या म्हणाल्या, "अगं, ही मेथी ऊन शोधतेय. मी जिथं खुर्ची टाकते तिथं आणून ठेव ना तिला." मी बघितलं तर त्यांची खुर्ची गच्चीच्या अगदी उलट्या टोकाला, उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून, तोंड दक्षिणेला. तिथे सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेचार-पाचपर्यंत ऊन असतं आणि मागची भिंत तापून पाठीला ऊब लागते. आणि माझे क्रेट दक्षिणेच्या कठड्याच्या सावलीत, जिथे दिवसभरात तासभरसुद्धा धड ऊन पोचत नव्हतं.

मग मी त्या आठवड्यात कठड्याच्या सावलीवर खडूने रेघा मारल्या. २१ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दुपारी बारालासुद्धा डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे खूप कललेला असतो. आपल्या नाशिकला तेव्हा भर दुपारीही भिंत जेवढी उंच जवळजवळ तेवढीच तिची सावली उत्तरेला पडते, म्हणजे कठडा चार फुटांचा असेल तर पावणेचार फूट पट्टा सावलीत, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून जास्त. मे महिन्यात हाच कठडा सावली देतच नाही, तेव्हा तर एक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे उन्हाळ्यात बघून ठेवलेली जागा हिवाळ्यात उपयोगाची नाही. जिन्याच्या खोलीची सावली, पाण्याच्या टाकीची सावली, शेजारच्या बिल्डिंगची सावली, सगळं डिसेंबरात पुन्हा बघावं लागतं. बाल्कनीवाल्यांनी तर दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली बाल्कनी असेल तरच फळभाजीच्या नादाला लागावं, उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळ्यात पुदिना आणि लसणाची पात एवढंच नीट येतं, हा माझा अनुभव.

क्रेट हलवले आणि वीस दिवसांत पालक तळहाताएवढा झाला. खत तेच, माती तीच.

आता मातीचं सांगते, थोडक्यात. क्रेटला आतून जुनं शेडनेट नाहीतर गोणपाट लावायचं, तळाला नारळाच्या शेंड्या, उसाचं चिपाड, वाळका पाला असा चार-पाच बोटं थर, आणि वर माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कोकोपीट नाहीतर चाळलेला पालापाचोळा असं साधारण समसमान. मूठभर निंबोळी पेंड. ओलं शेण घालू नका, त्यात हुमणी येते आणि मुळं खाते. क्रेट विटांवर ठेवायचे, थेट स्लॅबवर नाही, म्हणजे पाणी निथळतं आणि खालचा स्लॅब कोरडा राहतो. गच्चीवर हलकं ठेवणं महत्त्वाचं, नुसत्या काळ्या मातीने भरलेला क्रेट दोन माणसांनाही उचलत नाही आणि चिखल होऊन मुळं घुसमटतात ते वेगळंच. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने घरच्या काडीकचऱ्यातून माती करायचं वेड आपल्याकडे अनेकांना लावलं, मीही ते दुसऱ्यांकडून ऐकूनच शिकले, आणि आज चार वर्षांनी माझ्या क्रेटमधली माती पहिल्या वर्षीपेक्षा कितीतरी काळी आणि भुसभुशीत आहे.

कधी पेरायचं हा दुसरा मोठा प्रश्न. आई म्हणायच्या "दसऱ्याला पेरायचं". त्यांच्या माहेरी नवरात्रात घट बसवला की त्यात घातलेल्या धान्यापैकी काय जोमात उगवतंय ते त्यांचे वडील बघायचे, की यंदा बियाणं कसं आहे. मी पण दसरा धरून चालले आणि एका वर्षी फसले, कारण दसरा तिथीने येतो. २०२३ ला तो २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ ला २ ऑक्टोबरला, मध्ये तीन आठवड्यांचा फरक. २ ऑक्टोबरला नुकताच पाऊस ओसरत असतो आणि मग ऑक्टोबर हिट सुरू होते, त्या उन्हात कोथिंबीर आणि गाजर धड उगवतच नाहीत. म्हणून आता मी रात्रीवर जाते. पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं की पालेभाज्या पेरायच्या. वांगी, टोमॅटो यांची रोपं मात्र त्याआधीच, ऑगस्ट-सप्टेंबरात लावून मोकळं व्हायचं, कारण त्यांना थंडी पडायच्या आत अंगाने भरायचं असतं. आणि भोगीवरून उलटं मोजायचं. गाजराला नव्वद दिवस धरले तर ऑक्टोबरच्या मध्याला, हरभराही तेव्हाच, मटार दोन-सव्वादोन महिन्यांचा म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. कॅलेंडरवर तसं पेनने लिहूनच ठेवलंय.

मेथी सगळ्यात सोपी, रात्री भिजवा, सकाळी पसरा, वर अर्धा पेर माती, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर, महिन्याभरात भाजी. फक्त सगळी एकाच दिवशी पेरू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक क्रेट, नाहीतर एका आठवड्यात रोज मेथी आणि नंतर महिनाभर काहीच नाही. चिमण्यांना कोवळे कोंब फार आवडतात, पहिले आठ दिवस वरून जाळी नाहीतर जुनी ओढणी टाकते.

कोथिंबिरीने मला सगळ्यात जास्त छळलं. चार वेळा पेरली आणि चार वेळा दहा-पंधरा काड्या उगवल्या. मग कळलं की धना म्हणजे एक बी नाही, त्यात दोन डाळी असतात आणि प्रत्येक डाळीतून एक रोप येतं, म्हणून तो फोडून पेरायचा. गावाकडे धने गोणपाटावर पसरून चपलेने रगडतात, मी कापडात गुंडाळून वरून हलक्या हाताने लाटणं फिरवते, डाळी सुट्या व्हायला हव्यात, चुरा नको. मग बारा तास कोमट पाण्यात, निथळून ओल्या फडक्यात एक रात्र, आणि मग पेरणी. त्यावर अर्धा इंच माती आणि सर्वात वर ओलं गोणपाट. आणि वाट बघायची, कारण कोथिंबीर आठ-दहा दिवस काही हालचाल करत नाही आणि थंडी जास्त असेल तर पंधरा दिवससुद्धा लावते. बरेच जण सातव्या दिवशी कंटाळून माती उकरून बघतात, तसं करू नका, आत कोंब मोडतो. किराणा दुकानातले धने चालतात पण ते किती जुने आहेत त्यावर आहे, वास घेऊन बघा, वास नसेल तर उगवणही नाही. एकदा आली की मग मुळासकट उपटायची नाही, कडेच्या काड्या कात्रीने कापायच्या, मधला गाभा ठेवायचा, माझा एक क्रेट असा दीड महिना चालतो. शेवटी शेवटी दोन-चार झाडं फुलायला सोडा, ती पांढरी बारीक फुलं आली की मधमाश्या येतात आणि त्यांचा फायदा बाकी सगळ्या फळभाज्यांना होतो.

चाकवत माझ्याकडे आईंमुळे आला. गव्हाच्या शेतात तण म्हणून तो आपोआप उगवतो आणि खुरपताना बायका ओट्यात भरून घरी आणतात, त्याचं बी त्यांनी पुडीत बांधून आणलं होतं, मोहरीपेक्षाही बारीक, काळं. नुसतं मातीवर भुरभुरवलं, वर माती टाकलीच नाही, कारण इतक्या बारीक बियाला वरून मातीचं ओझं नको. पानांच्या मागे पिठासारखं पांढरं असतं, धुताना हाताला लागतं, ते रोग नाही, तसंच असतं ते. चाकवताची ताकातली पातळ भाजी, त्यात भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे, थोडं बेसन लावायचं आणि वरून लसणाची खमंग फोडणी, हे ज्यांनी थंडीत गरम भाकरीबरोबर खाल्लंय त्यांना मी चाकवत का लावते हे विचारावं लागणार नाही. शहरात मंडईत तो रोज दिसत नाही, दिसला तर कोमेजलेला.

आणि हरभरा! हरभरा कुणी कुंडीत लावत नाही, पण लावा. घरातला गावरान हरभरा भिजवून क्रेटमध्ये वीतभर अंतरावर दाणे टोचा. महिन्याभरात शेंडे खुडायला येतात आणि शेंडा खुडला की खालून फुटवे फुटतात, म्हणजे जितकं खुडाल तितकं झाड पसरतं. पानांना बोट लावून जिभेला लावा, आंबट लागतं. ती हरभऱ्याची आंब. आई सांगतात की त्यांच्या लहानपणी पहाटे शेतात हरभऱ्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं पसरायचे, दवाबरोबर आंब त्या फडक्यात उतरायची, मग ते पिळून बाटलीत भरून ठेवायचे आणि पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून द्यायचे. म्हणूनच हरभऱ्याची पानं भाजी करायच्या आधी धुवत नाहीत, धुतली की चव गेली. आमच्या गच्चीवर औषध फवारलेलं नसतं म्हणून न धुता करण्याची भीती वाटत नाही, हे समाधान बाजारातल्या जुडीने मला कधीच दिलं नाही. कोवळ्या पाल्याचा घोळाणा करा, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट, कच्चं तेल, बस्स. फुलं आली की मात्र खुडणं थांबवायचं, नाहीतर घाटे धरत नाहीत.

मटाराला आधार लागतो, मी कठड्याला सुतळीचं जाळं बांधलंय. अर्केल नावाची जात लवकर येते, दोन महिन्यांत पहिल्या शेंगा. एक क्रेट मटार म्हणजे सगळ्या तोड्या मिळून जेमतेम अर्धा-पाऊण किलो शेंगा, हे आधी सांगते म्हणजे निराशा होणार नाही, पण झाडावरून तोडून तिथल्या तिथे सोलून तोंडात टाकलेल्या मटाराला जी गोडी असते ती दुसऱ्या दिवशी उरत नाही, साखरेचा पिठूळपणा होत जातो. आमची लेक शाळेतून आली की दप्तरासकट आधी वर जाते.

गाजराला खोल आणि भुसभुशीत माती, एकही खडा नको. खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात, कच्चं खत असेल तर नुसत्या तंतुमुळ्या आणि वर पाला. गाजराचं रोप करून दुसरीकडे लावत नाहीत, जागेवरच पेरायचं आणि मग विरळणी करायची. विरळणी करताना जीव तुटतो, चांगली उगवलेली रोपं उपटून टाकायची, पण दोन-तीन बोटांचं अंतर ठेवलं नाही तर सगळीच काडीसारखी राहतात, मी एक वर्ष ते भोगलंय. मुळा महिना-सव्वा महिन्यात तयार होतो, पाल्याचीही भाजी, आणि चार मुळे न काढता तसेच सोडले तर फुलं येऊन डिंगऱ्या लागतात. डिंगऱ्यांची भाजी हल्ली किती जणांच्या घरात होते?

फ्लॉवरचा मात्र मला वाईट अनुभव आला. एका नर्सरीतून रोपं आणली, चांगली उंच, जाड देठाची, मला वाटलं तयार रोपं आहेत म्हणजे छानच. ती ट्रेमध्ये फार दिवस अडकून जून झालेली होती. अशी रोपं लावली की झाड मोठं व्हायच्या आधीच बटणाएवढा गड्डा धरतं आणि फुटून जातं. बाराच्या बारा गेली. आता मी महिन्याच्या आतलं, चार-पाच पानांचं कोवळं रोप असेल तरच घेते, नाहीतर बी टाकून घरीच करते. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याचीच पानं वर दुमडून सुतळीने बांधते, ऊन लागलं नाही तर पांढरा राहतो.

रात्रीची थंडी. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एक-दोन लाटा येतातच. निफाडकडे द्राक्षाच्या बागांत तेव्हा पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ड्रिप सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि थंडीने मणी तडकायची भीती असते. आमच्या दिरांना त्या दिवसांत झोप नसते. त्यांचं बघून मीही संध्याकाळी टोमॅटो आणि वांग्यावर जुनी सुती साडी टाकते आणि सकाळी ऊन आलं की काढते. प्लास्टिक टाकू नका, पानाला चिकटलं की तिथेच पान करपतं. थंडीत टोमॅटोची फुलं गळतात, पारा दहाच्या खाली गेला की फळ धरायला नाराजच असतं ते, लागलेले टोमॅटोही हिरवेच राहतात, पिकायला दुप्पट वेळ. काळजी करू नका, खत ओतू नका, रथसप्तमीच्या पुढे ऊन वाढलं की सगळे एकदम लाल होतात.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल असेल तर त्या दिवशी नाही घालायचं. हिवाळ्यात मी पालेभाज्यांना एक दिवसाआड आणि मोठ्या झाडांना दोन-तीन दिवसांनी देते, रोज पाणी घालायची सवय मोडायला मला एक पूर्ण हंगाम लागला. संध्याकाळी पाणी घातलं की पानं रात्रभर ओली राहतात, बुरशीला तेच हवं असतं.

कीड म्हणाल तर हिवाळ्यात मुख्य शत्रू मावा. पावट्याच्या शेंड्यावर, मोहरीवर, कोबीच्या पानामागे बारीक काळे-हिरवे किडे गर्दी करून बसतात आणि पान चिकट होतं. मी पहिल्यांदा नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढते. मग निंबोळी अर्क, एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून. पण फवारायच्या आधी एकदा पानं उलटून नीट बघा, लाल-नारिंगी पाठीचा काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा दिसला तर हात थांबवा. तो आणि त्याची काळी-पिवळी ओबडधोबड अळी दोघंही मावा खातात. ती अळी दिसायला वाईट असते म्हणून मी पहिल्या वर्षी वेचून वेचून मारल्या, आणि मग मावा दुप्पट झाला. मटारावर भुरी येते, पानावर पीठ सांडल्यासारखं, त्याला आंबट ताक एक वाटी आणि पाणी नऊ वाट्या असं करून दर आठ दिवसांनी, पण भुरी दिसायला लागल्या लागल्या, सगळं झाड पांढरं झाल्यावर उपयोग नाही. कोबीच्या क्रेटभोवती दोन-चार मोहरीची झाडं लावते, कोबीवरच्या पतंगाला मोहरी जास्त आवडते, तो तिकडे जातो, आणि मोहरीचा पाला आपल्यालाही भाजीला होतो.

चहातल्या आणि मसाल्यातल्या हिरवाईचं हिवाळ्यात उलटं असतं. गवती चहा आणि पुदिना थंडीत सुस्तावतात, ओरबाडू नका, लागेल तेवढंच घ्या. तुळशीची पानं लहान होतात, मंजिऱ्या खुडत राहायच्या आणि तिलाही आईंच्या खुर्चीशेजारची जागा. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात टोक वर करून टोचल्या की तीन आठवड्यांत पात कापायला येते, कोंब आलेले कांदे फेकायच्या ऐवजी मातीत खुपसले की कांद्याची पात. शेपू अक्षरशः कुठेही येतो. जून महिन्यात लावलेल्या आल्याची पानं डिसेंबरात पिवळी पडून वाळतात, झाड मेलं असं समजून मी एकदा क्रेट उलटा केला तर खाली हाताच्या पंजाएवढं आलं! हळद अजून महिनाभर थांबते, ओल्या हळदीच्या लोणच्यासाठी मी थोडी लवकर उकरते.

आमच्या ह्यांनी एकदा हिशोब मांडला होता, की हिवाळ्यात मेथीची जुडी दहा रुपयांना, कोथिंबीर कधी पाचला, मग एवढा खटाटोप कशाला. हिशोब बरोबर आहे, मी वाद घातला नाही. पण बाजारात चाकवत, हरभऱ्याचा पाला, डिंगऱ्या, ओलं आलं हे हवं तेव्हा हवं तेवढं कुठे मिळतं, आणि तोडल्यापासून पंधरा मिनिटांत फोडणीला पडलेला पालक मी आजवर कुठल्याही पैशांनी विकत आणू शकलेले नाही. आता तेच रविवारी सकाळी वर जाऊन क्रेट खुरपतात.

पावट्याचं मात्र बी कुठलं यावर सगळं आहे. दुकानातल्या पाकिटातला वाल माझ्याकडे कधीही फुलायचा, कधी फुलायचाच नाही. गावरान वालाला मात्र दिवस लहान झाल्याचं कळतं, तो पावसाळ्यात लावला तरी नुसता वेल वाढवत बसतो आणि दिवाळीच्या सुमाराला फुलांवर येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी असे वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान प्रकार जपून ठेवलेत. त्यांच्याबद्दल वाचल्यानंतर मी गावी जाऊन चुलत सासूबाईंकडून जांभळ्या शेंगांचा पावटा मागून आणला. त्यांनी राखेत घोळवून मडक्यात ठेवलेलं बी होतं. तीन वेल लावले, जिन्याच्या खोलीवर चढवले, आणि यंदा भोगीला लागल्या त्या शेंगा त्याच्याच. प्रत्येक वेलावर पहिल्या बहरातल्या चांगल्या पाच-सहा शेंगा लाल दोरा बांधून ठेवल्यात, बियासाठी, त्यांना कुणी हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय.

या वर्षी आईंना जिना चढवत नाही. डॉक्टरांनी नकोच म्हणून सांगितलंय. त्यामुळे भोगीच्या सकाळी मी आणि लेक दोघी वर गेलो, तोडलेलं सगळं सुपात घालून खाली आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी एक एक वस्तू हातात घेऊन बघितली, गाजराचा पाला हुंगला, घाटा फोडून दाणा लेकीच्या तोंडात घातला. मग म्हणाल्या, "न खाई भोगी तो सदा रोगी, चल कर लवकर." भाजी त्यांनीच शेगडीशेजारी खुर्चीवर बसून सांगितली तशी केली, आधी शेंगदाणे, मग पावटा, मग सोलाणे, वांगं आणि गाजर, बोरं शेवटी, तिळाचं कूट आणि किंचित गूळ. देवाला नैवेद्य, शेजारी दोन वाट्या, आणि आम्ही पाच जणांना पुरली.

जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या खुर्चीच्या जागी काय लावलंस?" मी सांगितलं, चाकवत. म्हणाल्या, "त्याचं बी धर यंदा. मागच्या वर्षीचं संपलं असेल."

संपलं होतंच. आज सकाळी त्या क्रेटमधली तीन जोमदार झाडं निवडली आणि त्यांनाही लाल दोरा बांधून आले.